पोपची निवड आणि तिच्यातलं राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

21 एप्रिल 2025 रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं. 8 मे रोजी नवे पोप लिओ चौदावे व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या सज्जात उभे राहिले. मधल्या अडीच आठवड्यांत प्रश्नांचा जो ओघ सुरू झाला, तो अजून आटलेला नाही. काही प्रश्न वसई-मुंबईच्या कॅथलिक घरांतून येतात, तर काही चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेल्यांकडून. दुसऱ्या गटाचे प्रश्न अनेकदा जास्त नेमके असतात. तेच ते पुन्हा लिहावं लागू नये म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

1. पोप म्हणजे नेमके कोण, आणि त्यांना निवडावं का लागतं?

पोप हे मुळात रोम शहराचे बिशप. येशूचा शिष्य पेत्र रोममध्ये हुतात्मा झाला आणि त्याच्या गादीवर बसणारा तो पोप, ही कॅथलिक श्रद्धा. जगभरच्या सुमारे 140 कोटी कॅथलिकांचे ते प्रमुख आहेत आणि 1929 पासून व्हॅटिकन सिटी या चिमुकल्या राष्ट्राचेही. मराठी कॅथलिक त्यांना परमगुरू म्हणतात, गोव्यात पाप सायब.

ही गादी वंशपरंपरेने चालत नाही. पोपच्या वर कोणी नसल्यामुळे नेमणूक करणारंही कोणी नाही. सुरुवातीच्या शतकांत रोमचे धर्मगुरू आणि लोक मिळून आपला बिशप निवडत. पुढे त्यात रोमची बडी घराणी घुसली, सम्राट घुसले. त्यांच्या हातून निवड सोडवण्यासाठी 1059 साली पोप निकोलस दुसरे यांनी ती कार्डिनलांकडे, म्हणजे पोपने नेमलेल्या वरिष्ठ धर्मगुरूंकडे, सोपवली. आजही पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चचे काही प्रमुख (पॅट्रिआर्क) सोडले, तर प्रत्येक कार्डिनलच्या नावावर रोममधलं किंवा रोमजवळचं एक चर्च असतं. तो गोव्याचा असो की मंगोलियाचा, कागदोपत्री रोमचा धर्मगुरू ठरतो आणि आपल्या शहराचा बिशप निवडतो.

2. मत कोणाला देता येतं?

80 वर्षांखालच्या कार्डिनलांना, बस्स. बिशपांना नाही, फादर-सिस्टरांना नाही, तुम्हा-आम्हाला तर नाहीच. वयाची अट पोप पॉल सहावे यांनी 1970 साली घातली. 1975 मध्ये त्यांनीच मतदारांची कमाल संख्या 120 ठरवली.

2025 मध्ये ही मर्यादा ओलांडली गेली. पात्र कार्डिनल होते 135. दोघे आजारपणामुळे आले नाहीत, उरले 133. मग तेरा जणांना घरी पाठवायचं का, हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. उत्तर नाही असं आहे. ज्या पोपने मर्यादा ठाऊक असूनही नेमणुका केल्या, त्याने त्या नियमातून सूट दिली असंच मानलं जातं. 30 एप्रिलला कार्डिनलांच्या सभेने तसं जाहीरही केलं, म्हणजे पुढे निवडीच्या वैधतेवर कोणी बोट ठेवू नये.

3. ऐंशीचा वाढदिवस ऐन वेळी आला तर काय?

धरायचा दिवस म्हणजे पोपच्या निधनाचा किंवा राजीनामा लागू होण्याचा. त्याच्या आधी 80 पूर्ण झाली असतील तर मत गेलं. नंतर, अगदी मतदान सुरू असताना झाली, तरी मत शाबूत.

याचा फटका कसा बसतो हे पाहायला लांब जायला नको. केरळच्या सिरो-मलबार चर्चचे कार्डिनल जॉर्ज आलंचेरी 19 एप्रिल 2025 रोजी 80 वर्षांचे झाले. फ्रान्सिस गेले 21 एप्रिलला. दोन दिवसांनी मत हुकलं. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस तर 24 डिसेंबर 2024 रोजीच ऐंशीचे झाले होते. मत गेलं तरी निवडीआधीच्या बैठकांत बसायचा आणि बोलायचा हक्क मात्र राहतो. तो किती मोलाचा आहे ते प्रश्न 6 मध्ये आहे.

4. भारतातून 2025 मध्ये कोणी मत दिलं? मुंबई, गोवा, महाराष्ट्राचा वाटा किती?

चौघांनी: गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव, हैदराबादचे अँथनी पूला, तिरुवनंतपुरमचे बसेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्ये काम करणारे जॉर्ज जेकब कूवाकाड. या वेळी मुंबईचं मत नव्हतं.

मुंबईचा इतिहास मात्र मोठा आहे. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे आर्चबिशप होते. 1953 साली त्यांना लाल टोपी, म्हणजे कार्डिनलपद, मिळाली आणि त्यांनी 1958 व 1963 च्या निवडींत मत दिलं. 1978 मध्ये ऑगस्टच्या निवडीला ते आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत आणि सप्टेंबरमध्ये वारले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवड झाली, तेव्हा ते नव्हते. त्यांच्यानंतरचे सायमन पिमेंटा हे मरोळचे ईस्ट इंडियन, म्हणजे आपल्या मराठी कॅथलिक समाजातले. 1988 साली ते कार्डिनल झाले, 2000 साली ऐंशीचे. मधल्या बारा वर्षांत एकही निवड झाली नाही, त्यामुळे त्यांना मत कधी देताच आलं नाही. आयव्हन डायस यांनी मात्र 2005 आणि 2013 अशा दोन्ही वेळा मत दिलं. 2013 मध्ये त्यांच्याबरोबर ओस्वाल्ड ग्रेशियसही होते.

पिमेंटांची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. मत असणं आणि मत देण्याची वेळ येणं यांत किती अंतर असतं, ते तिच्यावरून कळतं.

5. कार्डिनल नसलेला माणूस पोप होऊ शकतो का?

होऊ शकतो. बाप्तिस्मा झालेला आणि पदाची दीक्षा घेऊ शकणारा कोणीही कॅथलिक पुरुष. तो बिशप नसेल तर निवडीनंतर लगेच त्याला बिशपपदाची दीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतरच तो पोप होतो. आधीच बिशप असेल तर होकार देताच पोप.

व्यवहारात हे दार 1378 पासून बंद आहे. त्या वर्षी निवडले गेलेले अर्बन सहावे हे कार्डिनल नसलेले शेवटचे पोप. त्यांना निवडणाऱ्या कार्डिनलांनीच काही महिन्यांत ‘रोमच्या जमावाच्या भीतीने मत दिलं’ म्हणत दुसरा पोप निवडला. त्यातून जी फूट पडली ती 1417 पर्यंत मिटली नाही आणि एका टप्प्यावर तर तीन-तीन जण स्वतःला पोप म्हणवत होते. ती जखम खोल होती. माणूस आपल्यातलाच, पारखलेला हवा, हा आग्रह तेव्हापासून सुटलेला नाही.

6. उमेदवारी अर्ज, प्रचार, जाहीरनामा असं काही असतं का?

नाही. अर्ज नाही, पक्ष नाही, व्हिप नाही. पोप हयात असताना पुढच्या पोपसाठी मतांची जुळवाजुळव करायला स्पष्ट मनाई आहे. निवडीच्या काळातही ‘मी तुला मत देतो, तू मला अमुक खातं दे’ असा करार करणारा कार्डिनल आपोआप बहिष्कृत होतो. पण त्याच नियमांत म्हटलंय की कार्डिनलांनी आपसांत विचारविनिमय करायला हरकत नाही. सगळं राजकारण या फटीत राहतं.

त्याची मुख्य जागा म्हणजे निवडीआधी रोज भरणाऱ्या सर्वसाधारण बैठका. तिथे ऐंशीच्या वरचेही बसतात. चर्चची आजची अवस्था काय, पैशांचं काय, पुढे कुठे जायचं, यावर एकेक जण थोडा वेळ बोलतो. नाव कोणाचं घेतलं जात नाही. पण प्रत्येक जण बोलणाऱ्याला तोलत असतो: याची भाषा कशी, हा ऐकतो का, याला माणसं सांभाळता येतील का. संध्याकाळी रोमच्या खाणावळींत आणि एकमेकांच्या घरी जेवणं होतात, तेव्हा नावं निघतात.

2013 मध्ये ब्युनोस आयर्सचे कार्डिनल बेर्गोलिओ अशाच एका बैठकीत काही मिनिटं बोलले. चर्चने स्वतःतून बाहेर पडून कडेच्या, परिघावरच्या माणसांकडे जायला हवं, स्वतःभोवती फिरणारं चर्च आजारी पडतं, असं त्यांनी मांडलं. हवानाच्या कार्डिनल ओर्तेगांनी त्यांच्याकडे टिपण मागितलं, बेर्गोलिओंनी ते हाताने लिहून दिलं आणि पुढे परवानगीने ते प्रसिद्धही झालं. काही दिवसांत बेर्गोलिओ पोप फ्रान्सिस झाले. कुठल्याही प्रचारसभेला जमलं नसतं ते त्या काही मिनिटांनी केलं.

7. म्हणजे राजकारण आहे की नाही? एका वाक्यात सांगा.

आहे, पण ते मतदानाच्या खोलीत कमी आणि मतदार यादीत जास्त.

एका वाक्याचं उत्तर झालं, आता थोडं सविस्तर. कार्डिनल कोण होणार हे एकटे पोप ठरवतात. त्यामुळे पुढच्या निवडीचा पाया आधीची बारा-पंधरा वर्षं घातला जात असतो. फ्रान्सिस यांनी या यादीचा भूगोलच बदलला. विसाव्या शतकात व्हेनिसने तीन पोप दिले आणि मिलानने दोन. अशा शहराचा आर्चबिशप झाला की लाल टोपी ठरलेलीच, असा संकेत होता. फ्रान्सिस यांच्या शेवटच्या काळात मिलान, व्हेनिस, पॅरिस, लॉस एंजेलिस यांपैकी कुठल्याच आर्चबिशपला ती मिळाली नव्हती. मिळाली ती टोंगाच्या बेटावरच्या बिशपला आणि जेमतेम दीड हजार कॅथलिक असलेल्या मंगोलियाच्या मिशनप्रमुखाला. गोव्याची टोपीही 2022 मध्ये त्याच वाटेने आली. 2025 मध्ये मत देणारे सुमारे 70 देशांतून आले होते आणि 133 पैकी 108 जण फ्रान्सिस यांनी नेमलेले होते.

मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. पण त्याची किंमतही होती. लांबलांबचे नवे कार्डिनल एकमेकांना ओळखतच नव्हते, सगळ्यांना एकत्र बोलावणाऱ्या सभा फार झाल्या नव्हत्या. अशा वेळी ज्याला बरेच जण आधीपासून ओळखतात त्याचं पारडं जड होतं. 2025 च्या निकालाची एक किल्ली इथे आहे, ती प्रश्न 14 मध्ये.

8. मग पोपने आपली माणसं भरली की उत्तराधिकारीही आपल्या मर्जीचा येतो?

हमी नाही. फ्रान्सिस यांना निवडणारे सर्वच्या सर्व 115 कार्डिनल जॉन पॉल दुसरे आणि बेनेडिक्ट सोळावे यांनी नेमलेले होते, आणि फ्रान्सिस त्या दोघांपेक्षा किती वेगळे निघाले ते आपण पाहिलं. नेमणाऱ्याबद्दल कृतज्ञता असते, पण तो आता राहिलेला नसतो. मत गुप्त असतं आणि समोर प्रश्न पुढच्या दहा-वीस वर्षांचा असतो.

9. दाराला कुलूप लावायची पद्धत कुठून आली?

इटलीतल्या व्हितेर्बो गावातून. 1268 मध्ये पोप क्लेमेंट चौथे तिथे वारले आणि नवा पोप निवडायला कार्डिनलांना जवळपास तीन वर्षं लागली. फ्रेंच आणि इटालियन गट हटेनात. वैतागलेल्या गावकऱ्यांनी त्यांना एका वाड्यात कोंडलं, जेवण तोडलं आणि शेवटी छप्परही उतरवलं. 1271 मध्ये निवडले गेलेले ग्रेगरी दहावे तेव्हा तिथे नव्हतेच, धर्मयुद्धाच्या निमित्ताने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या एकर शहरात होते. गावकऱ्यांचा उपाय त्यांनी 1274 साली कायदाच करून टाकला: कार्डिनलांना कोंडा, तीन दिवसांत निवड झाली नाही तर ताटात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी फक्त भाकरी, पाणी आणि वाइन. पोपच्या निवडीच्या या बंद सभेला कॉन्क्लेव्ह म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या ‘किल्लीसकट’ या अर्थाच्या शब्दांवरून आला आहे.

आता उपास घडवत नाहीत. 2005 च्या निवडीपासून कार्डिनल व्हॅटिकनमधल्या सांता मार्ता निवासात राहतात. त्याआधी राजवाड्यात तात्पुरत्या आडोशांच्या खोल्या करून राहावं लागे. कुलपाचं काम आता मोबाइल काढून घेणं आणि सिग्नल अडवणं करतं. लोक याला जुनाट गूढपणा म्हणतात. मला वाटतं, बाहेरचा दबाव आत पोचू नये याहून साधं कारण नाही (प्रश्न 12 पाहा).

10. सिस्टिन चॅपेलमध्ये प्रत्यक्ष मतदान कसं होतं?

आयताकृती मतपत्रिकेवर लॅटिनमध्ये ‘मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो’ असं छापलेलं असतं. खाली नाव लिहायचं, अक्षर ओळखू येणार नाही अशा बेताने. घडी घालून, हात उंच धरून एकेक जण वेदीपाशी जातो आणि ज्याला निवडायला हवं असं देवासमोर वाटतं त्यालाच मत देतोय अशी शपथ मोठ्याने घेतो. समोर मिकेलांजेलोचं ‘अंतिम न्याय’ हे भिंतभर चित्र. शपथ तिथेच का, हे कोणाला समजावून सांगायची गरज पडत नाही.

मतं मोजणारे तिघे, आजाऱ्यांच्या खोलीत जाऊन मत आणणारे तिघे आणि फेरतपासणी करणारे तिघे चिठ्ठ्या टाकून निवडतात. आधी पत्रिका मोजतात. मतदारांच्या आकड्याशी जुळल्या नाहीत तर न उघडताच जाळून लगेच पुन्हा मतदान घेतात. 2013 मध्ये हेच झालं. एक कोरी पत्रिका दुसरीला चिकटून आली, फेरी रद्द झाली आणि पुन्हा घेतलेल्या मतदानात फ्रान्सिस निवडून आले. आकडा जुळला की नाव मोठ्याने वाचतात, पत्रिका सुईने ओवून दोऱ्यात गुंफतात आणि शेवटी भट्टीत टाकतात.

पहिल्या दिवशी एक फेरी, नंतर रोज चार, दोन सकाळी आणि दोन दुपारी.

11. काळा धूर, पांढरा धूर: रंग कसा येतो, आणि भारतात तो किती वाजता बघायचा?

नुसत्या कागदांचा धूर पूर्वी धड काळा ना पांढरा निघायचा. 1958 मध्ये तर रेडिओनेसुद्धा चुकून पोप निवडल्याचं सांगितलं होतं. 2005 पासून दुसरी भट्टी जोडली आहे. तिच्यातून काळ्यासाठी पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक जळतं. पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. शंका उरू नये म्हणून पांढऱ्या धुराबरोबर सेंट पीटर्सच्या घंटाही वाजतात.

उन्हाळ्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. 7 मेचा पहिला काळा धूर आपल्याकडे मध्यरात्र उलटून साधारण साडेबाराला दिसला आणि 8 मेचा पांढरा रात्री साडेनऊनंतर, जेवणं आटोपण्याच्या वेळी.

12. सरकारं यात ढवळाढवळ करतात का?

एके काळी उघड करत. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि स्पेनचे राजे एखाद्या नावाला नकाराधिकार वापरून अडवत. शेवटचा प्रसंग 1903 चा. कार्डिनल मारियानो राम्पोल्ला आघाडीवर होते. क्रॅकोचे कार्डिनल यान पुझिना उठले आणि सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या वतीने त्यांनी नकार वाचून दाखवला. सभागृह संतापलं, पण राम्पोल्ला निवडले गेले नाहीत. निवडले गेले व्हेनिसचे ज्युसेप्पे सार्तो, म्हणजे पायस दहावे. ज्या नकारामुळे स्वतःला वाट मिळाली, तो त्यांनी पुढच्याच वर्षी कायमचा मोडीत काढला आणि पुन्हा असा निरोप आणणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठेवली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर याच कृतीचा वाटतो.

13. दोन तृतीयांश का? साधं बहुमत का चालत नाही?

हा नियम 1179 चा. निसटत्या बहुमताने निवडलेल्या पोपसमोर हरलेला गट दुसरा पोप उभा करायचा, हे त्या शतकात वारंवार घडत होतं. दोन तृतीयांश हवेत म्हटल्यावर हरणाऱ्यांतले काही जण सोबत घ्यावेच लागतात. 2025 मध्ये 133 पैकी 89 मतं हवी होती. म्हणजे 45 जण ठाम राहिले तर कोणालाही अडवू शकत होते.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. 1996 साली जॉन पॉल दुसरे यांनी सवलत दिली की तीसहून जास्त फेऱ्या निष्फळ गेल्या तर कार्डिनलांना साध्या बहुमतावर यायची मुभा. हेतू चांगला, पण गणित बदललं: निम्म्याहून अधिक मतं असलेल्या गटाला तडजोडीची गरजच उरली नाही, नुसतं थांबून राहिलं तरी पुरे. बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 मध्ये ही सवलत काढून टाकली. आता पहिल्या तीन पूर्ण दिवसांनंतर एक दिवस प्रार्थनेची सुट्टी, मग सात-सात फेऱ्यांमागे सुट्टी. 34 फेऱ्यांनंतरही कोणी ठरलं नाही तर पहिल्या दोघांमध्येच लढत होते. तरीही दोन तृतीयांशच लागतात आणि त्या दोघांना स्वतः मत देता येत नाही.

‘स्वतःला मत देता येतं का’ हेही याच्याशी जोडलेलं आहे. 1945 मध्ये पायस बारावे यांनी दोन तृतीयांशांवर एक मत जास्तीचं मागितलं, ते स्वतःच्या मताने कोणी उंबरठा ओलांडू नये म्हणूनच. आज ती अट नाही. उरली आहे ती वेदीसमोरची शपथ.

14. अमेरिकन माणूस पोप कसा झाला? हे तर अशक्य मानलं जायचं.

मानलं जायचं खरं. महासत्तेच्या हातात ही गादीही नको, हा जुना कल होता. रॉबर्ट प्रीव्होस्ट, म्हणजे आताचे लिओ चौदावे, शिकागोचे, पण त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं पेरूमध्ये मिशनरी म्हणून आणि मग चिक्लायोचे बिशप म्हणून गेली. 2015 मध्ये त्यांनी पेरूचं नागरिकत्व घेतलं. त्याआधी बारा वर्षं ते ऑगस्टीनियन संघाचे जगभराचे प्रमुख होते. 2023 पासून बिशपांच्या नेमणुका पाहणारं व्हॅटिकनचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या खात्याच्या प्रमुखाला देशोदेशीचे बिशप येऊन भेटत असतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या कार्डिनलांच्या सभेत (प्रश्न 7) या ओळखीचं मोल तुम्हीच ठरवा. उत्तर अमेरिकेचे मानावेत तर ते तिथले, दक्षिणेचे मानावेत तर तिथलेही, आणि रोमचं प्रशासन जाणणारेसुद्धा.

बातम्यांत सर्वांत पुढे नाव होतं व्हॅटिकनचे राज्यसचिव (सेक्रेटरी ऑफ स्टेट) पिएत्रो पारोलिन यांचं. रोममध्ये म्हण आहे की पोप म्हणून आत जाणारा कार्डिनल म्हणून बाहेर येतो. ती नेहमीच खरी नसते, 2005 मध्ये रात्सिंगर (पुढचे बेनेडिक्ट सोळावे) आघाडीवर होते आणि तेच निवडून आले. या वेळी ठरली. चौथ्या फेरीत निकाल लागला. सज्जातून नवे पोप इटालियनमध्ये बोलले, मग स्पॅनिशमध्ये आपल्या चिक्लायोच्या लोकांशी. इंग्रजीत एक शब्दही नाही.

15. सगळं गुप्त, मग मतांचे आकडे बाहेर कसे येतात?

कार्डिनल गुप्ततेच्या शपथेने बांधलेले असतात. नव्या पोपने परवानगी दिली तरच बोलता येतं. फेरीनिहाय निकालाचा अधिकृत कागद सीलबंद करून पोपकडे दिला जातो. त्यामुळे वर्तमानपत्रांत येणाऱ्या बहुतेक आकड्यांकडे सावधपणे पाहा. 2005 नंतर एका निनावी कार्डिनलची रोजनिशी म्हणून काही आकडे छापून आले होते.

पोप स्वतः मात्र बोलू शकतात. 2024 मध्ये फ्रान्सिस यांनी एका पत्रकाराला सांगितलं की 2005 मध्ये त्यांना 115 पैकी 40 मतं मिळाली होती आणि ती देणाऱ्यांना ते पोप व्हायला नको होते. रात्सिंगर यांना अडवून मग तिसरंच नाव पुढे आणायचा तो डाव होता. गणित मांडून पाहा: 40 गेली की उरतात 75, आणि हवी होती 77. हे लक्षात आल्यावर आपलं नाव वापरू नका असं त्यांनी सांगितलं. राजकारण कसं चालतं याचा इतका थेट दाखला दुसरा नाही.

1978 च्या ऑक्टोबरबद्दलही असंच सांगितलं जातं. जेनोव्हाचे सिरी आणि फ्लोरेन्सचे बेनेल्ली या दोन इटालियनांमध्ये कोंडी झाली, व्हिएन्नाचे क्योनिग यांनी पोलंडचं नाव पुढे केलं आणि आठव्या फेरीत कारोल वोयतिवा, म्हणजे जॉन पॉल दुसरे, निवडले गेले, 455 वर्षांनी पहिले बिगर-इटालियन पोप.

16. कोणी लाच देऊन पोप झाला तर निवड रद्द होते का?

इथे बरेच जण चुकतात. रद्द होत नाही. पैसे देणारा-घेणारा आपोआप बहिष्कृत होतो, पण निवड वैध राहते. ऐकायला अन्याय वाटतो. कारण असं की निवड रद्द होत असती, तर प्रत्येक पोपवर लाचेचा आरोप करून त्याला खोटा ठरवता आलं असतं, आणि 1378 सारखी फूट (प्रश्न 5) पुन्हा पडली असती. गुन्हेगाराला शिक्षा हवी, पण लोकांना आपला पोप खरा आहे का या संशयात ठेवू नये, असा हा विचार.

17. शिक्षा झालेला कार्डिनल मत देऊ शकतो का?

2025 मध्ये हा प्रश्न खरोखर उभा राहिला. आंजेलो बेच्चू यांच्याकडून फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये कार्डिनलपदाचे हक्क काढून घेतले होते, किताब मात्र ठेवला होता. 2023 मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने त्यांना आर्थिक गैरव्यवहारात दोषी ठरवलं. नियमांनुसार पदच्युत झालेला किंवा पोपच्या संमतीने पद सोडलेला कार्डिनल आत जाऊ शकत नाही. किताब ठेवून हक्क सोडणं यात कुठे बसतं, यावर वाद झाला. 29 एप्रिलला बेच्चूंनी, आपण निर्दोष आहोत असं म्हणत, चर्चच्या हितासाठी बाहेर राहायचं जाहीर केलं. प्रश्न मिटला, नियमातली फट मात्र तशीच आहे.

18. स्त्रियांना यात काहीच स्थान नाही का?

मतदानात नाही. 2025 च्या सुरुवातीला सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या, सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी व्हॅटिकन सिटीच्या प्रशासनाच्या प्रमुख. इतकी जबाबदारी असूनही दोघींना मत नव्हतं, कारण मत कार्डिनलपदाला जोडलेलं आहे आणि ते पद आज दीक्षित पुरुषांनाच मिळतं. हा चर्चचाच कायदा आहे आणि पोप तो बदलू शकतात. माझं मत विचाराल तर निदान आधीच्या बैठकांत (प्रश्न 6) त्यांचं म्हणणं ऐकलं जायला हवं.

19. निवडलेला माणूस नाही म्हणू शकतो का? आणि पोप राजीनामा देऊ शकतात का?

दोन्हींचं उत्तर हो. मतमोजणी झाली की त्याला विचारतात, स्वीकार आहे का. आहे म्हणाला तर पुढचा प्रश्न नावाचा. लिओ हे नाव कामगारांच्या हक्कांवर 1891 मध्ये लिहिणाऱ्या लिओ तेराव्यांवरून घेतलं, असं नव्या पोपनी दोन दिवसांनी कार्डिनलांना सांगितलं.

राजीनामा स्वेच्छेने आणि नीट जाहीर केलेला हवा, तो कोणी मंजूर करायची गरज नसते. 1294 मध्ये सेलेस्टीन पाचवे, 1415 मध्ये फूट मिटवण्यासाठी ग्रेगरी बारावे आणि 2013 मध्ये बेनेडिक्ट सोळावे ही ठळक उदाहरणं.

20. एखादा कार्डिनल उशिरा पोचला तर?

निवड सुरू झाली असली तरी त्याला आत घेतात, जी फेरी चालू असेल तिथपासून. आजारपणामुळे बाहेर गेलेलाही परत येऊ शकतो.

पूर्वी मुळात वाटच फार पाहत नसत. बॉस्टनचे कार्डिनल विल्यम ओ’कॉनेल 1914 मध्ये बोटीने अटलांटिक ओलांडून आले तर निवड झालेली होती. 1922 मध्ये पुन्हा तेच. त्यांनी नव्या पोपकडे, पायस अकरावे यांच्याकडे, तक्रार केली. पायस यांनी काही आठवड्यांतच थांबायची मुदत 15 दिवसांपर्यंत, गरज पडल्यास 18 पर्यंत वाढवली. आज ती 15 ते 20 दिवस आहे, आणि सगळे आधीच आले असतील तर 2013 पासून लवकरही सुरू करता येते. ओ’कॉनेल 1939 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, तिसऱ्यांदा निघाले. या वेळी ते वेळेवर पोचले आणि त्यांनी मत दिलं.